हलवायचे ते दाण्यांचे ताट, घरटे नव्हे

वाचकाचे पत्र

गेल्या काही महिन्यांपासून मी परसात पक्ष्यांसाठी रोज दाणे आणि पाणी ठेवते. ताटातले उरलेले अन्नही तिथेच टाकते. चिमण्या, पारवे, कावळे आणि खारी असे सगळे येतात. आता कुंपणाच्या भिंतीवरील वेलीत, दाण्यांच्या ताटापासून दोन-अडीच मीटरवर, साधारण छातीइतक्या उंचीवर बुलबुलाने घरटे बांधले आहे. त्यात दोन अंडी दिसतात, पण दिवसातला बराच वेळ घरट्यात कोणीच नसते. जोडीने अंडी टाकून दिली असतील का? कावळ्यांच्या भीतीने घरटे उचलून उंचावर बांधावे असे माझ्या यजमानांना वाटते. सासूबाई म्हणतात की माणसाचा हात लागला तर वासाने पक्षी परत येत नाहीत. माझी नऊ वर्षांची मुलगी मोबाइल घेऊन सारखी वेलीत डोकावते. दाणे ठेवणे बंद करावे का? पिल्ले निघाली तर त्यांना काय भरवावे? चिमण्यांसाठी एक लाकडी खोकेही आणून ठेवले आहे, ते आत्ताच लावावे का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत, पण त्यांतील एकाला थांबायला वेळ नाही, म्हणून त्याचे उत्तर प्रथम देते. घरटे हलवू नये. उंचावर नाही, बाजूच्या फांदीवर नाही, वीतभरसुद्धा नाही. पक्षी घरट्याकडे परततो तो जागेच्या खुणांवरून: ही भिंत, वेलीचा हा वाकडा फाटा, त्यामागची ही पोकळी. दुसरीकडे बांधलेले घरटे आपल्याला समोर दिसत असले तरी बुलबुलाची जोडी जुन्या जागीच येऊन घुटमळते आणि तेवढ्यात अंडी वाया जातात. शिवाय ती जागा त्या जोडीने पारखून घेतलेली असते. पाने किती दाट आहेत, दुपारचे ऊन कुठून येते, आत शिरायला आणि धोका दिसताच बाहेर पडायला वाट आहे का, हे पाहूनच बांधणी सुरू झालेली असते. आपल्या यजमानांची काळजी रास्त आहे आणि कावळ्यांचा धोकाही खरा आहे. मात्र त्यावरचा उपाय घरट्यापाशी नसून आपल्या दाण्यांच्या ताटापाशी आहे. त्याकडे पुढे येते.

अंडी टाकून दिली आहेत असे आत्ताच समजू नका. बुलबुलाच्या आकाराचे बहुतेक पक्षी रोज एक याप्रमाणे अंडी घालतात आणि शेवटचे, किंवा फार तर त्याच्या आधीचे, अंडे घातल्यावरच नेटाने उबवायला बसतात. बुलबुल सामान्यतः दोन किंवा तीन अंडी घालतो, त्यामुळे आपण पाहिले तेव्हा अंडी घालणे चालूच असण्याचा पुष्कळ संभव आहे. या काळात अंडी हाताला थंड लागतात, घरटे तासन्‌तास रिकामे दिसते आणि पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो. पण त्यामागे उत्तम कारण आहे. गर्भाची वाढ नीट व्हायला साधारण ३६ ते ३८ अंश सेल्सियस इतकी ऊब लागते आणि ती मिळेपर्यंत ताजे अंडे काही दिवस जसेच्या तसे राहू शकते. सगळ्या अंड्यांना ऊब एकदमच मिळू लागली की पिल्लेही एक-दोन दिवसांच्या अंतराने, जवळजवळ बरोबरीने बाहेर येतात. पहिल्या अंड्यापासूनच उबवण सुरू झाली असती तर थोरले पिल्लू चारा खाऊन दांडगे झालेले आणि धाकटे अजून अंड्यात, अशी विषम स्थिती झाली असती. घुबडांमध्ये आणि शिकारी पक्ष्यांमध्ये तशी ती होतेही, आणि चारा कमी पडला तर धाकट्या पिल्लाला त्याची किंमत मोजावी लागते.

उबवण सुरू झाल्यानंतरही पक्षी अखंड बसून राहत नाही. खाण्यापिण्यासाठी तो अधूनमधून उठतो, आणि हवा गरम असेल तर जरा जास्त वेळ बाहेर राहतो. उबवणाऱ्या पक्ष्याच्या पोटावरची पिसे या दिवसांत गळून तिथली त्वचा उघडी पडते. तिच्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे तयार होते आणि ती थेट अंड्यांना टेकते. घरट्यात बसताना पक्षी डावी-उजवीकडे हलून जागा करून घेताना दिसतो तो हा स्पर्श साधण्यासाठीच. कडक उन्हात याच्या उलट काम असते. त्या वेळी तो अंड्यांवर किंचित उभा राहून, पंख थोडे सैल सोडून सावली धरतो, कारण थंडीपेक्षा अतिउष्णतेने गर्भ लवकर मरतो. वेल छाटून घरटे ‘नीट दिसेल’ असे करू नये, हे मी आग्रहाने सांगते ते यासाठी. जे पान आपल्या डोळ्यांच्या आड येते तेच दुपारी अंड्यांवरचे छत असते आणि कावळ्याच्या डोळ्यांपुढचा पडदाही तेच असते.

मग खरोखर टाकून दिलेले घरटे ओळखायचे कसे? लांबून, आणि वेळ देऊन. सकाळी व सायंकाळी तासभर घरातून सलग पाहावे. नेटाने उबवण सुरू झाल्याचे आधी दिसले असेल आणि त्यानंतर काही दिवस कोणीही फिरकताना दिसले नाही, तरच तसे म्हणता येईल. त्या स्थितीतही अंडी काढून घरात उबवण्याचा प्रयत्न करू नये. तो जवळजवळ कधीच यशस्वी होत नाही आणि बहुतेक देशांत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना कायद्याचे संरक्षणही आहे. अंडी तिथेच राहू द्यावीत. बुलबुलाची जोडी एका घरट्यात अपयश आले तरी थोड्याच दिवसांत जवळपास दुसरे बांधायला घेते.

सासूबाईंच्या म्हणण्यात थोडा भाग चुकीचा आहे आणि मोठा भाग बरोबर आहे, असे मी म्हणेन. पक्ष्यांना वास मुळीच येत नाही असे नाही, पण माणसाच्या हाताचा वास आला म्हणून पक्षी अंडी किंवा पिल्ले सोडून जात नाहीत. घरट्यातून पडलेले पिल्लू उचलून परत ठेवले तर आईबाप त्याला पूर्वीसारखेच भरवतात. ते घरटे सोडतात ते त्रासामुळे, आणि हा त्रास बांधणीच्या व अंडी घालण्याच्या दिवसांत त्यांना सर्वांत कमी सोसतो. त्या वेळी जोडीची गुंतवणूक अजून थोडी असते. धोका वाटला तर नवे घरटे बांधणे त्यांना परवडते. पिल्ले मोठी झाल्यावर तेच पक्षी आपल्या अंगावर धावून येतील इतके धीट होतात. म्हणजे आपल्या घरी हे आठवडे नाजूक आहेत. सासूबाईंनी सांगितलेले कारण बाजूला ठेवले तरी त्यांचा सल्ला, की घरट्याला हात लावू नये, या घडीला शंभर टक्के पाळण्यासारखा आहे.

आता ताटाविषयी. या प्रश्नावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण पक्ष्यांना दाणे घालणारी माणसे प्रेमापोटीच सर्वांत जास्त गफलत इथे करतात.

आपण ठेवलेले धान्य बुलबुल जवळजवळ खातच नाही. त्याचा आहार फळे, मऊ बेरी, फुलांतला मध आणि किडे हा आहे. ताटावर येतात ते चिमण्या, पारवे, खारी, आणि उरलेल्या अन्नासाठी कावळे. यांतील कावळा आणि खार हे दोघेही अंडी आणि लहान पिल्ले खातात. कावळ्याची नजर आणि स्मरणशक्ती दोन्ही विलक्षण. तो ताटावर आला की आधी भिंतीवर बसून सगळा परिसर न्याहाळतो, आणि घरट्याकडे चोचीत काही घेऊन वारंवार जाणारा पक्षी त्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. घरट्यापासून दोन-अडीच मीटरवर रोज ठरावीक वेळी अन्न मांडणे म्हणजे घरट्याच्या शत्रूंना रोज ठरावीक वेळी तिथे बोलावणे. म्हणून शिळे अन्न टाकणे आजपासून पूर्ण बंद करावे, आणि ते केवळ या घरट्यापुरते नव्हे. त्यातले मीठ, तेल आणि मसाले पक्ष्यांच्या शरीराला झेपत नाहीत, पावाच्या तुकड्यांनी पोट भरते पण पोषण होत नाही, आणि सायंकाळपर्यंत उरलेल्या घासांवर उंदीर येतात. उंदीरही घरट्यांपर्यंत चढतो.

दाण्यांचे ताट मात्र परसाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, घरट्यावरून थेट दिसणार नाही अशा ठिकाणी न्यावे. तेवढी जागा नसेल तर पिल्ले उडून जाईपर्यंत दाणे थांबवावेत. असे थांबवले तर चिमण्या उपाशी मरतील, ही भीती मनातून काढून टाका. परसात येणारे पक्षी आपले बहुतांश अन्न स्वतःच मिळवतात. आपले ताट हा त्यांच्या रोजच्या फेरीतला एक थांबा असतो. ते बंद झाले की ते पुढे जातात आणि पुन्हा सुरू झाले की दोन-चार दिवसांत परततात.

नव्या जागी ताट मांडताना काही गोष्टी सांभाळा. मांजर दबा धरून बसेल असे दाट झुडूप ताटाला अगदी खेटून नसावे, पण घाबरलेल्या पक्ष्याला एका झेपेत गाठता येईल असा आडोसा दोन-तीन मीटरवर हवा. जवळ मोठी काच असेल तर ताट तिच्यापासून एक मीटरच्या आत तरी ठेवावे किंवा दहा मीटरच्या पलीकडे तरी. मधल्या अंतरावरून भरवेगात निघालेला पक्षी काचेतल्या आभाळाला खरे समजून आदळतो आणि बरेचदा त्यातच मरतो. ताट तिथून हलवता येत नसेल, तर काचेच्या बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके चिकटवावेत. एखादाच मोठा स्टिकर लावून उपयोग होत नाही, कारण पक्षी त्याला वळसा घालून उरलेल्या काचेत घुसतो.

धान्य बाजरी, राळा यांसारखे बारीक, कोरडे, बुरशी न लागलेले असावे. सूर्यफुलाच्या बियाही चालतात. शेंगदाणे ठेवायचे असतील तर ते बिनखारे आणि ताजेच हवेत, कारण ओलसर शेंगदाण्यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे जहाल विष तयार करते. आणि विणीच्या दिवसांत ते अख्खे देऊ नयेत, कारण अख्खा दाणा पिल्लाच्या घशात अडकतो. दूध ठेवू नये. पक्ष्यांना ते पचत नाही. एका वेळी दुपारपर्यंत संपेल एवढेच धान्य घालावे आणि ताट रोज झाडून घ्यावे.

ही स्वच्छतेची गोष्ट मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते, कारण तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. रानात पक्षी विखरून चरतात. आपल्या ताटावर मात्र पन्नास चोची एकाच जागी टेकतात आणि विष्ठाही त्याच दाण्यांवर पडते. १९९४ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात हाऊस फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यांत डोळे सुजून बंद होण्याचा रोग पहिल्यांदा दिसला आणि तो वेगाने पसरण्यात दाण्यांच्या ताटांवरील गर्दीचा मोठा हात होता. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनास या परजीवीने ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या खूप घटवली. तो दूषित दाण्यापाण्यातून पसरतो आणि त्या पक्ष्यांना गिळणे अशक्य करून सोडतो. म्हणून ताटावर एखादा पक्षी पिसे फुगवून मलूल बसलेला, डोळे चिकटलेला किंवा घास पुन्हा पुन्हा तोंडाबाहेर टाकणारा दिसला, तर दाणे किमान दोन आठवडे बंद ठेवून पक्ष्यांना पांगू द्यावे. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या मिश्रणाने भांडी घासून, स्वच्छ धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावीत. एरवी आठवड्यातून एकदा हेच करावे. रोगी पक्ष्याला अन्न मिळावे म्हणून ताट चालू ठेवण्याचा मोह होतो. परंतु त्याने निरोगी पक्षीही त्याच ताटावर येत राहतात.

पाण्याचे भांडे मात्र बंद करू नका, फक्त तेही घरट्यापासून दूर न्या. ते पसरट, खडबडीत तळाचे, मधोमध चार-पाच सेंटिमीटरहून अधिक खोल नसलेले असावे. मध्ये एक चपटा दगड ठेवला तर लहान पक्ष्यांना उभे राहता येते. पाणी रोज ओतून, भांडे आतून घासून पुन्हा भरले म्हणजे डासांच्या अळ्यांना वाढायला अवधीच मिळत नाही.

पिल्लांना काय भरवावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला कदाचित निराश करील. काहीही भरवू नये. ते काम आईबापांचे आहे आणि त्यात आपली मदत वेगळ्या वाटेने होऊ शकते. दाणे खाणारी चिमणी आपल्या पिल्लांना पहिले काही दिवस दाणे देत नाही. ती अळ्या, मावा, कोळी, नाकतोडे शोधून आणते, कारण बोटाच्या पेराएवढ्या उघड्या जिवाचा दोन-अडीच आठवड्यांत उडणारा पक्षी व्हायचा असेल तर प्रथिनेच हवीत, आणि ती धान्यात पुरेशी नसतात. बुलबुलाचेही तेच. सुरुवातीला मऊ किडे, मग हळूहळू फळांचे तुकडे. चारा आणण्याच्या फेऱ्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालतात. तेव्हा परसातल्या झाडांवर कीटकनाशक फवारायचे नाही, ही आपण त्या पिल्लांना देऊ शकाल अशी सर्वांत मोलाची मेजवानी आहे. पानावर अळीने पाडलेली भोके दिसली तर दिसू द्या. वाळलेला पालापाचोळा एका कोपऱ्यात राहू द्या. वेलीवर किंवा झुडपांवर येणारी लहान फळे तोडून न टाकता पिकू द्या. ज्या परसात अळी जगत नाही तिथे कितीही दाणे घातले तरी पिल्लू जगत नाही.

आता आपल्या मुलीकडे वळते. तिची उत्सुकता पाहून मला मनापासून आनंद झाला, आणि तिला ‘तिकडे जाऊ नकोस’ एवढेच सांगून गप्प बसवू नये अशी माझी विनंती आहे. मात्र वेलीत डोकावणे आजच थांबले पाहिजे. माणूस ज्या वाटेने घरट्याशी जातो ती वाट कावळा पाहतो आणि मांजर हुंगते. पिल्लांना पिसे फुटल्यानंतर कोणी जवळ गेले तर ती घाबरून वेळेआधीच घरट्याबाहेर उड्या टाकतात आणि खाली जमिनीवर सापडतात. फ्लॅश तर कधीच नको. तिला घरातली एखादी खिडकी ठरवून द्या, जिथून घरटे नव्हे तर घरट्याकडे जाणारा रस्ता दिसतो. खिडकीला पातळ पडदा असला तर उत्तम. आठ पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण मिळाली तर फारच छान. नसली तरी अडत नाही.

आपण पुरेसे लांब आहोत की नाही, हे पक्षीच सांगतात, आणि ती खूण तिला पहिल्याच दिवशी शिकवावी. बुलबुल चोचीत अळी धरून येतो. तो सरळ घरट्यात शिरत नाही. आधी तारेवर किंवा वेलीच्या टोकाला बसतो, मान इकडेतिकडे वळवतो, मग एका झेपेत पानांत नाहीसा होतो. हे काही क्षणांचे थांबणे नेहमीचे आहे. पण तो तिथेच बसून राहिला, काळा तुरा ताठ झाला, चारा गिळून टाकला किंवा तोंडात धरूनच तो कर्कश, तुटक आवाज काढू लागला, तर पाहणारा फार जवळ आहे. त्या वेळी काही न बोलता चार पावले मागे सरकायचे. नऊ वर्षांच्या मुलीला हे नक्की समजते, आणि एकदा समजले की ती घरातल्या मोठ्यांनाही मागे ओढते.

तिने वही ठेवावी. तारीख, वेळ, हवा, कोण आले, चोचीत काय होते, किती वेळाने परत आले. नर-मादी दिसायला सारखेच असतात, त्यामुळे कोण कोण आहे हे लिहिण्याचा अट्टहास नको. दोघे एकाच वेळी दिसले तर तेवढे नोंदवावे. उबवायला लागल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी एखाद्या सकाळी तिला पालक चोचीत अंड्याच्या टरफलाचा तुकडा घेऊन दूर उडताना दिसेल. हा तुकडा जवळच न टाकता लांब का नेला जातो, हा प्रश्न निको टिनबर्गन या शास्त्रज्ञाने काळ्या डोक्याच्या कुरव पक्ष्यांवर प्रयोग करून सोडवला आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. फुटलेल्या टरफलाची आतली बाजू पांढरीशुभ्र असते आणि ती शत्रूच्या नजरेत भरते. टरफल अंड्यांजवळ ठेवले की कावळ्यांना ती अंडी सहज सापडली, दूर ठेवले की कमी सापडली. आपल्या खिडकीतून तेच दिसणार आहे.

त्यानंतर चाऱ्याच्या फेऱ्या सुरू होतील, आणि त्यांत एक गोष्ट बारकाईने पाहायला तिला सांगा. पिल्लाने घास गिळल्यावर पालक लगेच उडून जात नाही. मान खाली घालून क्षणभर वाट पाहतो. पिल्लू उलटे वळून शेपटाकडची बाजू वर करते आणि एका पातळ, चिवट आवरणात बंद असलेली पांढरी पुटकुळी बाहेर टाकते. ती पिल्लाची विष्ठा. पालक ती चोचीत उचलून दूर नेऊन टाकतो. अगदी सुरुवातीच्या दिवसांत गिळूनही टाकतो. यामुळे घरटे कोरडे राहते, वास सुटत नाही आणि खाली विष्ठेचा सडा पडून घरट्याचा पत्ता उघड होत नाही. हे दृश्य कोणाला किळसवाणे वाटेल. मला ते पक्ष्यांच्या संसारातले सर्वांत चोख काम वाटते.

घराजवळच्या निरीक्षणाला कमी लेखू नये. डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास किहीम येथे राहत्या घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीकडे महिनोन्‌महिने लक्ष ठेवले, आणि त्यातून नर अर्धवट घरटे विणतो, मादीने ते पसंत केल्यावर पूर्ण करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी पुढचे घरटे विणायला घेतो, ही गोष्ट जगापुढे आली. त्यासाठी त्यांना घरापासून लांब जावे लागले नव्हते. तिथे रोज बसावे मात्र लागले होते.

एका गोष्टीची मुलीला आधीच कल्पना द्यावी. उघड्या वाटीसारख्या घरट्यांपैकी बरीच घरटी पिल्ले उडण्याआधीच मोडतात. आपण सगळे नीट केले तरी एखाद्या सकाळी घरटे रिकामे सापडू शकते. ते कोणाच्या चुकीने घडलेच असे नसते. सरडा, साप, भारद्वाज, कावळा यांनाही पोटे आणि पिल्ले आहेत. मांजर घरचे असेल तर ते मात्र आपल्या हातात आहे: हे आठवडे, निदान पहाटे आणि सायंकाळी, त्याला घरात ठेवावे. शेजारच्या मांजरासाठी वेलीच्या बुंध्याभोवती काटेरी फांद्या पसरता येतील. हे काम पक्षी घरट्याबाहेर असताना, लवकर उरकून, एकदाच करावे. घरट्याभोवती जाळी मारण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. आईबाप बिचकतात आणि जाळीत पाय अडकतात.

पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, पुष्कळदा त्याआधीच, घरटे सोडतात, आणि तेव्हा त्यांना नीट उडता येत नसते. शेपूट आखूड, पिसे विस्कटलेली, जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर उड्या मारत चाललेले पिल्लू दिसले तर ते पडलेले नाही, निघालेले आहे. आईबाप जवळपास असतात आणि आणखी बरेच दिवस त्याला भरवतात. त्याला घरात आणून खोक्यात ठेवणे म्हणजे त्याची त्यांच्यापासून ताटातूट करणे. मांजर किंवा रहदारीचा धोका असेल तर त्याला उचलून जवळच्या झुडपात उंचशा फांदीवर ठेवावे आणि तिथून निघून जावे. याउलट पिल्लू उघडेबोडके, डोळे मिटलेले असेल तर ते खरेच पडलेले आहे. त्याला हळूच घरट्यात परत ठेवावे. घरटेच कोसळले असेल तर तळाला भोके असलेली लहान टोपली सुके गवत घालून त्याच जागी बांधावी आणि पिल्लू तिच्यात ठेवून घरातून लक्ष ठेवावे. कोणत्याही पिल्लाच्या तोंडात पाणी ओतू नये. त्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते आणि थेंबभर पाणी सरळ फुप्फुसात जाऊन ते गुदमरते. पिल्लू जखमी असेल तर अंधाऱ्या, हवेशीर, उबदार खोक्यात ठेवून पशुवैद्याकडे किंवा वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राकडे न्यावे.

राहिले लाकडी खोके. ते आत्ता भिंतीवर ठोकू नका. भिंतीला बसणारे हादरे वेलीपर्यंत जातात आणि आपली वर्दळही वाढते. बुलबुलाची पिल्ले निघून गेल्यावर, शक्यतो भिंतीच्या दुसऱ्या बाजूस किंवा घराच्या छपराखाली, किमान दोन-तीन मीटर उंचीवर, दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा थेट आत येणार नाही अशा दिशेला तोंड करून लावावे. चिमणीसाठी दाराचे भोक ३२ मिलिमीटर व्यासाचे असावे. त्याहून मोठे असेल तर दांडग्या पक्ष्यांचे फावते. दारासमोर बसायला लावलेली छोटी काठी असेल तर ती काढून टाका, चिमणीला तिची गरज नसते आणि शत्रूला मात्र ती आयता आधार देते. तळाला पाणी निथळण्यासाठी बारीक भोके हवीत, आतून रंग किंवा पॉलिश नको, आणि एक बाजू उघडता यायला हवी. आत कापूस, केस, लोकरीचे किंवा दोऱ्याचे तुकडे घालून ‘तयार घरटे’ करून देऊ नये. लांब धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळला की पाय सुजतो आणि निकामी होतो. चिमण्या स्वतःच गवत आणि पिसे आणतील. त्यांना शेजार आवडतो, म्हणून पुढे आणखी एक-दोन खोकी जवळजवळ लावायला हरकत नाही. वीण पूर्ण आटोपल्याची खात्री झाल्यावर जुने गवत काढून खोके उकळत्या पाण्याने धुवावे आणि वाळवून पुन्हा टांगावे. बुलबुलाचे रिकामे घरटे वेलीत असू द्यावे. जोडी पुढच्या वेळी बहुधा नवेच बांधील, पण ती ते वेलीत याच भागात बांधायला घेऊ शकते, म्हणून वेल छाटायची ती विणीचा हंगाम उलटल्यानंतरच.